वनमाला वगळून वनमाला फूड्स

रविवारी दुपारी, माझ्या हातचं भरीत आणि भाकरी पोटात गेल्यावर, माझ्याच बैठकीत, मीच घेतलेल्या सोफ्यावर बसून माझ्या मुलानं मला कळवलं की माझ्या नावाची कंपनी निघते आहे आणि तिच्यात मी नाही.

कळवलं म्हणजे स्वतःच्या तोंडानं नाही. विशालचं तोंड जेवायला आणि जांभई द्यायला आहे. बोलायला त्यानं समता कॉलनीतून सीए आणला होता. अनिमेष नाव. पोट्टा स्वच्छ, चपला दाराबाहेर काढून आला, भरीत मागून घेतलं, म्हणून मी त्याला लगेच वाईट म्हणत नाही. पण तो मला 'माताजी' म्हणत होता. मला माताजी म्हणणाऱ्यानं आजवर एक तर वर्गणी मागितली आहे, नाही तर गाडी लावायला जागा.

"माताजी, प्राइवेट लिमिटेड का फ़ायदा समझिए," लॅपटॉप मांडीवर घेऊन तो म्हणाला. "कल को धंधा डूबा, तो कंपनी डूबेगी, घर नहीं डूबेगा. मालिक की ज़िम्मेदारी लिमिटेड."

मला हे फार आवडलं. जबाबदारी लिमिटेड. आमच्या घरात ही पद्धत सरकारच्याही आधीपासून चालू आहे. नवऱ्याची जबाबदारी पगार आणून ठेवण्यापर्यंत लिमिटेड, मुलाची ताट सरकवण्यापर्यंत, मुलीची फोन करून खुशाली विचारण्यापर्यंत. अनलिमिटेड मी एकटीच होते, आणि त्याचा कुणी कागद केला नव्हता.

"समजलं मले," मी म्हटलं. "पुढं वाच."

आता पुढचं कळायला मागचं थोडं. रेल्वे क्वार्टरमध्ये असताना मी वड्या घालायला लागले, तेव्हा त्याला कुणी धंदा म्हणत नव्हतं, 'बाईचा नाद' म्हणत होते. कोहळ्याचा कीस उडदाच्या वाटणात घालून केलेल्या वड्या. इथं रायपुरात लोक कोहळ्याला रखिया म्हणतात. म्हणोत, चवीत फरक पडत नाही. त्या नादातून तात्यापारा वस्तीतलं हे घर झालं, खाली दुकान झालं, बीरगांवला शेड झाली. शेडमध्ये बाया कामाला लागल्यावर विशालनं विम्याच्या ऑफिसातली नोकरी सोडली आणि नाद 'आमचा बिझनेस' झाला. आता बिलासपूरच्या एका मोठ्या मॉलवाल्याला आमचा माल पाहिजे होता, पण तो म्हणे कंपनीशीच बोलतो, बाईशी नाही.

नावावरून घरात आठवडाभर खल झाला होता. आडनाव लावायचा प्रश्नच नव्हता. आमचं आडनाव पोटदुखे. चंद्रपूरकडचं जुनं, मानाचं आडनाव आहे, पण पाकिटावर 'पोटदुखे पापड' वाचून कोण पैसे काढेल? म्हणून सगळ्यांनी मोठ्या मनानं माझं नाव उचललं. वनमाला फूड्स. मी भोळी. मला वाटलं, नाव घेतलं म्हणजे मागून माणूसही घेतील.

अनिमेषनं वाचलं, "डायरेक्टर, श्री विशाल और श्री अनंतराव जी. शेयर रहेंगे विशाल जी, सोनिया जी और अनंतराव जी के पास."

मी वाट पाहिली. तो पाणी प्यायला.

"अन् मी?"

विशालनं पंख्याकडे पाहिलं. थंडीचे दिवस, पंखा बंद होता. "आई, तू तं पाकिटावर आहे नं. तुझा फोटो राहील. नऊवारीतला. खाली लिहायचं, संस्थापिका."

"फोटोले काही मिळते का?"

"आई, तसं नाही होत..."

"कसं होते मग? मेलेल्याचा फोटो लावतात अन् घर बाकीचे वाटून घेतात, ते माहीत आहे मले. माझ्यात अजून जीव आहे, भाऊ. आताच भरीत केलं मी, तू खाल्लं."

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला विशालचे बाबा बसले होते. भर दुपारी घरात कोट घालून. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबूगिरी करून निवृत्त झालेला माणूस. वड्यांशी यांचा संबंध ताटात आल्यावर सुरू होतो आणि ढेकर दिल्यावर संपतो. आणि हे डायरेक्टर. यांच्या कोटाच्या खिशात व्हिजिटिंग कार्डं छापून तयार होती. कंपनी जन्मायची होती, पण यांचं बारसं उरकलं होतं.

"हे पाह्य," हे म्हणाले, "मोठ्या ऑफिसात निवृत्त माणूस असला की वजन पडते. तुले सही करायले किती वेळ लागते, माहीत आहे नं? बँकेतली पोट्टी जांभई देते."

खरं आहे. चौथीतून शाळा सुटली माझी. माझी सही म्हणजे एकेक अक्षर काढावं लागतं. पण जे काढते ते माझंच असतं.

आता त्या वेळी विशालच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते. मी त्याच्या डोक्यात शिरले नव्हते, पण ते डोकं मीच घडवलं आहे, त्यात कुठं काय ठेवलं आहे ते मला माहीत आहे. त्याला मागची दिवाळी आठवत होती. त्याच बिलासपूरवाल्याचा मॅनेजर शेड पाहायला आला होता. त्यानं हात न धुता उडदाच्या वाटणात बोट घातलं आणि चाटलं. मी त्याच्या हातात टॉवेल दिला, दार दाखवलं आणि ते सगळं वाटण त्याच्यासमोर गाईला घातलं. विशाल त्याच्या गाडीमागं पळत गेला होता. तर माझ्या पोराच्या मते आई म्हणजे फार चांगली गोष्ट, पण गिऱ्हाईक येईल तेव्हा फोटोत असलेली बरी. वाईट नाही तो. भित्रा आहे. नोकरी सोडलेला माणूस भितोच. पण भीती वाटली म्हणून आईला पाकिटावर चिकटवायचं?

मग कौमुदी उठली. माझी लेक, सकाळीच भिलाईहून आली होती. "घरी मीटिंग आहे" एवढंच तिला कळलं होतं आणि तेवढं तिला पुरतं.

"दादा, लाज वाटते का रे तुले?" तिनं कंबरेवर हात ठेवले. "आईच्या जिवावर शेड उभी झाली, अन् आई नाही कंपनीत? बाबा आहेत? बाबाले बिजौरी अन् पापड यातला फरक सांगायले लाव!"

"एक तिळाची असते," हे म्हणाले.

"मोठे आले डायरेक्टर!"

मला भरून आलं. लेक ती लेक, असं मनात म्हणत मी चहाला आत गेले. कौमुदी मागोमाग आली, कपाटातून कप काढायच्या निमित्तानं कानाशी लागली.

"आई, तू अडून बस. शेअर तुझ्या नावावर घे. अन् मग नॉमिनी म्हणून माझं टाक. दादाले सध्या सांगू नको."

मी साखर घातली. "चांगलं आहे. तुह्या भावानं बैठकीत लुटलं, तू स्वयंपाकघरात येऊन लुटून राहिली. निदान चहा तं गाळू लागली."

"आई, तू बी नं..."

"कप विसळून घे."

बाहेर चहा नेला तोवर बैठकीतली हवा पालटली होती. आतापर्यंत गप्प बसलेली आमची सून, सोनिया, बोलत होती. सोनियाचे आजोबा अमरावतीचे, पण ही रायपुरात वाढली. मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. भांडण असलं की मला त्याचा फायदा होतो. हिंदीत भांडताना ती 'आप' म्हणते.

"भैया," ती अनिमेषला म्हणाली, "डायरेक्टर कम से कम दो चाहिए ना? तो एक आई रहेंगी. डिजिटल सिग्नेचर अभी बनवा लेते हैं. मैं करवाती हूँ."

विशालनं तिच्याकडे असं पाहिलं जसं कुकरनं शिट्टीऐवजी गाणं म्हटलं.

तिच्या मनातलं तिनं मला नंतर स्वतः सांगितलं, म्हणून इथं घालते. फोनवर ऑर्डर घेते सोनिया. पाकिटांचे फोटो काढून टाकते सोनिया. कुरियरवाल्याशी कडकड करते सोनिया. तिला थोडे शेअर दिले होते, जसं लग्नात नवरीच्या मावशीला लुगडं देतात तसे, आणि खुर्ची सासऱ्याला. 'आई, मैंने सोचा, आपकी जगह जब बाबा आ सकते हैं, तो मेरी जगह तो कोई भी आ जाएगा.' म्हणजे माझ्या प्रेमानं उठली नव्हती ती. स्वतःच्या काळजीनं उठली. मला ते जास्त भरवशाचं वाटलं. प्रेमानं उठलेली माणसं चहा येईपर्यंत टिकतात.

"आज संध्याकाळपर्यंतच आहे बरं," विशाल म्हणाला. कंपनीचं नाव सरकारनं काही दिवस आमच्यासाठी धरून ठेवलं होतं, ती मुदत आज संपत होती. कागद आज गेले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. आणि आज माझं झालं नाही, तर यांच्या नावानं जाणार.

"घ्या, घ्या तिची सही," हे म्हणाले. पाय लांब करून, कोटाचं बटन सोडून. "मी थांबतो. मले काही घाई नाही."

इतकी उदारता या घरात पहिल्यांदा दिसली. मी मनात नोंद केली.

तर ही सही हातानं करायची नसते. एक काडी मिळते, लॅपटॉपमध्ये खुपसायची, तिच्यात सही राहते. ती काडी मिळायच्या आधी कॅमेऱ्यात तोंड दाखवून आपलं पूर्ण नाव बोलायचं. आधारवर आहे तसंच, एका दमात. मग ते चित्र कुठंतरी जातं, कुणीतरी पाहतं आणि हो किंवा नाही म्हणतं. मुलगी पाहायला आल्यासारखंच. फक्त पोहे द्यावे लागत नाहीत.

सोनियानं मला खिडकीजवळ बसवलं, पदर सारखा केला, फोन समोर धरला.

"आई, बोलिए. पूरा नाम."

"वनमाला पोटदुखे."

"पूरा, आई. बीच का भी."

"हेच पूर्ण आहे. मी पूर्ण बाई आहे."

अनिमेषनं तसंच पाठवलं. चहा संपायच्या आत परत आलं. नाव जुळत नाही.

बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि मग हळूहळू सगळ्यांना उमगलं. आधारवर माझं नाव आहे वनमाला, मग मधोमध हे, मग पोटदुखे. आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून मी यांचं नाव घेतलेलं नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी तेव्हापासून 'अहो' म्हटलं, 'ऐका नं' म्हटलं, 'विशालचे बाबा' म्हटलं, भांडी आपटली, पण नाव नाही. हे मागच्या वर्षी छातीत दुखून दवाखान्यात गेले, तेव्हा खिडकीवरची पोट्टी विचारत होती, पेशंट का नाम? मी बोटानं स्ट्रेचर दाखवत होते. ती म्हणाली, अम्मा, नाम बोलो, नाम. मी विशाल येईपर्यंत तशीच उभी राहिले. हसायचं असेल त्यानं हसावं. माझा माणूस स्ट्रेचरवर होता. मी काही धोका घेणार नव्हते.

"अरे, मग उखाणा घे नं, आई!" कौमुदी म्हणाली. "उखाण्यात चालते. मंगळागौरीले घेतच होती तू."

ते मला पटलं. उखाण्यात घेतलेलं नाव आयुष्याच्या हिशोबात धरत नाहीत, हे सासूबाईंनीच सांगितलं होतं. मी घसा साफ केला, फोनकडे पाहिलं आणि घेतला.

"पापड लाटले पातळ, वड्या घातल्या गोल, अनंतरावांचं नाव घेते, कंपनीत माझं बी मोल!"

कौमुदीनं टाळ्या वाजवल्या. अनिमेषला वाटलं मंत्र आहे. त्यानं हात जोडले. सोनियानं निमूटपणे पाठवून दिलं, कारण तिला वाटलं नाव तर आलंच आहे.

या वेळी उत्तर यायला वेळ लागला. बहुतेक तिकडं त्यांनी दोन-चार जणांना बोलावून ऐकलं असणार. मग अनिमेषनं वाचून दाखवलं, "लिखा है, आवेदक कविता सुना रही हैं. कृपया केवल नाम बताएँ."

विशाल हसला. हसला आणि लगेच थांबला, पण मी पाहिलं.

"जाऊ दे, आई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच माया होती, तीच तर पंचाईत. "नसते होत तं नसते होत. बाबाचं नाव आहेच. पुढच्या साली तुले घेऊ आत. आता ऊन उतरून राहिलं, अनिमेषले बी जायचं आहे."

"मी काही म्हणतो का?" हे म्हणाले. "तिनं घेतलं नाव तं मीच उठतो खुर्चीवरून. पण ती घेणार नाही. तिचा स्वभाव आहे तो. संस्कार आहेत." आणि यांनी खिशावरून हात फिरवला, कार्डांवरून.

तेव्हा सोनिया बोलली. फोन खाली ठेवून, माझ्याकडे न बघता.

"आई, एक बात बोलूँ? बाबा ने इनको परसों ही बोल दिया था. बोले, वो अड़ गई तो मना मत करो, झगड़ा होगा. वीडियो में अपने आप अटक जाएगी. नाम तो वो लेगी नहीं."

पंखा बंदच होता, पण आता सगळेच त्याच्याकडे पाहू लागले.

"विशाल?" मी म्हटलं.

"आई, बाबा सहज म्हणत होते..."

"तू काय म्हणाला?"

"मी... काहीच नाही म्हटलं."

काहीच नाही म्हटलं. लिमिटेड.

मी यांच्याकडे पाहिलं. मला राग यायला पाहिजे होता. रागाची मला चांगली सवय आहे. पण मला दिसत होतं ते वेगळंच. जी गोष्ट मी यांचा जीव राहावा म्हणून केली, जिच्यासाठी दवाखान्याच्या खिडकीवर मूर्ख ठरले, तिचाच हिशोब मांडून यांनी मला कागदाबाहेर ठेवलं होतं. दार मीच बंद करून घेतलं होतं, यांना कडीसुद्धा लावावी लागली नाही. आणि केवढा भरवसा! मला कधी यांनी मंडईत पाकीट सांभाळायला दिलं नाही, पण मी नाव घेणार नाही या भरवशावर कार्डं छापून घेतली.

माझ्या नावात हे मधोमध बसलेले. यांच्या नावात मी कुठंच नाही. यांच्या व्हिडिओत यांनी यांच्या वडिलांचं नाव घेतलं आणि पहिल्या झटक्यात पास झाले.

"सोनिया, धर फोन," मी म्हटलं.

हे ताठ बसले. "काहून?"

"नाव घ्यायचं आहे मले."

"विशालची माय, डोकं फिरलं का तुहं?" यांचा आवाज चढला. "मागच्या साली काय झालं विसरली? डॉक्टरनं नळी टाकली माझ्या छातीत. अन् तू एका खुर्चीसाठी..."

"खुर्ची तुम्हाले पाहिजे होती. मले माझ्या वड्या पाहिजे."

"मायनं सांगितलं होतं नं तुले! आयुष्य कमी होते म्हणून!"

"तुमच्या मायनं हे बी सांगितलं होतं, की नवरा बायकोले वाऱ्यावर सोडत नाही. त्यातलं किती खरं निघालं?"

"आई," विशाल मधे पडला, "बाबाचं बीपी वाढून राहिलं..."

"वाढू दे. गोळी त्याच कोटात आहे, कार्डाच्या खाली."

कौमुदी मला बिलगली. "आई, राहू दे नं. खरंच. मले भीती वाटते." तिला खरंच वाटत होती. लेकीचं एम.ए. झालं आहे. नॉमिनी व्हायचं होतं, पण बापाच्या आयुष्याचा प्रश्न आला तसं तिचं एम.ए. गळून पडलं.

आणि मलाही वाटत होती. हे मी कुणाला दाखवलं नाही. पन्नास वर्षांची सवय म्हणजे नुसती सवय नसते, ती हाडात उतरते. जीभ टाळूला चिकटली होती. मी यांच्याकडे पाहिलं. गळ्याशी कातडी सैल झाली आहे आता, कोट खांद्यावर मोठा होतो. बघताना वाटलं, नको. फोटोत राहते. नऊवारीतला तर नऊवारीतला.

तेवढ्यात हे विशालला हळूच म्हणाले, मला ऐकू येईल एवढंच हळू, "घाबरू नको. नाही घेणार ती."

"सोनिया, सुरू केलं का?"

"हाँ, आई."

मी कॅमेऱ्यात पाहिलं.

"वनमाला अनंतराव पोटदुखे."

एका दमात. न अडखळता. जसं रेल्वे स्टेशनवर गाडीचं नाव पुकारतात तसं. 'अनंतराव' जरा जास्तच मोठ्यानं निघालं. इतकी वर्षं साठलेलं होतं ते.

बैठकीत सगळे अनंतरावांकडे बघत होते. फोनकडे कुणीच नाही. अनंतरावांनी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली होती आणि ते डोळे मिटून नाडी पाहत होते. विशाल उठून त्यांच्याजवळ गेला. कौमुदी पदराच्या टोकानं मला वारा घालत होती, का ते तिलाच माहीत. अनिमेष बिचारा विचारत होता, "क्या हुआ, अंकल को क्या हुआ?" आणि सोनियानं, शहाण्या पोरीनं, सगळ्यांच्या गडबडीत ते पाठवून दिलं.

"कसं वाटून राहिलं?" मी विचारलं.

अनंतरावांनी एक डोळा उघडला. "ठोका चुकला एक."

"माझ्या लग्नात माझा बी चुकला होता. चालतं त्याच्यानं."

तासाभरात उत्तर आलं. मंजूर. त्या तासात अनंतराव दोनदा बाथरूमला जाऊन आले, उरलेला चिवडा त्यांनी संपवला आणि अनिमेषला मालधक्क्यावरच्या साहेबाची जुनी गोष्ट सांगितली. आयुष्य कमी झाल्यासारखं एकूण काही दिसत नव्हतं. झालंच असलं तर शेवटून कमी झालं असेल; तेवढं मी सोसेन.

"तो माताजी डायरेक्टर," अनिमेष टाइप करत म्हणाला. "दूसरा नाम? और शेयर?"

विशालनं माझ्यासाठी उशी आणली. कौमुदीनं माझा चष्मा पुसून दिला. या दोघांनी माझी इतकी सेवा मला टायफॉइड झाला तेव्हाही केली नव्हती.

"आई, मी बाहेरचं सगळं पाह्यतो," विशाल म्हणाला. "गिऱ्हाईक, बँक..."

"पाह्य नं. कोणी नाही म्हटलं? शेअर तुले बी देते. पण माझ्याहून कमी. कौमुदीले बी थोडे, ती चहा गाळू लागली. दुसरी डायरेक्टर सोनिया."

"सोनिया?" विशालचा आवाज फाटला. "मी नवरा आहे तिचा!"

"म्हणूनच तिले घेतलं. तुझं नाव ती दिवसातून शंभरदा घेते, तिचा व्हिडिओ अटकणार नाही."

"आई," सोनिया म्हणाली, आणि पहिल्यांदा तिला पुढचं हिंदी सुचलं नाही.

"लई खूश होऊ नको," मी तिला म्हटलं. "मागच्या आठवड्यात तू पापडाच्या पाकिटावर 'होममेड विथ लव्ह' छापलं. लव्ह-बिव्ह काही नाही त्यात. उडीद आहे, पापडखार आहे, हिंग आहे. तेच छापायचं."

"हव, आई."

"अन् बाबाचं काय?" कौमुदीनं विचारलं.

अनंतरावांनी कोट काढून त्याची घडी केली होती. कार्डांचा गठ्ठा त्यांनी सोफ्याच्या हातावर ठेवला होता, उलटा. मला त्यांची दया आली, पण मी ती वाया जाऊ दिली नाही.

खाली बैठकीत मग टक्केवारी सुरू झाली. भाऊ-बहीण एकमेकांना लहानपणच्या गोष्टी काढून दाखवत होते, सोनिया मध्ये पडत होती, अनिमेष चौथा चहा पीत होता. मी जिना चढून गच्चीवर आले. डिसेंबरचं ऊन इथं पटकन कलतं आणि मग दंव उतरायला वेळ लागत नाही. सकाळी घातलेल्या वड्या मोठ्या धोतराच्या फडक्यावर पसरलेल्या होत्या, वरून सुकलेल्या, खालून अजून ओल्या. दंव लागलं की काळ्या पडतात. फडकं चारी टोकांनी एकदम उचलून आत न्यावं लागतं. एकट्या माणसाचं काम नाही ते. एकीकडून उचललं की दुसरीकडे सगळ्या वड्या घरंगळतात. रोज शेजारची पोर येते, रविवारी ती आजोळी जाते.

मी जिन्याच्या तोंडाशी गेले. 'अहो' म्हणायला तोंड उघडलं.

"अनंतराव!"

खाली भांडण थांबलं. समोरच्या घराची खिडकी उघडली. वहाणांचा आवाज आला, मग जिन्यावर एकेक पायरी, मध्ये थांबून, पुन्हा. ते वर आले तेव्हा एक हात छातीवर होता आणि दुसऱ्या हातानं कठडा धरला होता.

"हळू बोलत जा नं," ते म्हणाले. "अख्ख्या तात्यापाऱ्यानं ऐकलं."

"ऐकू द्या. ते टोक धरा."

त्यांनी खाली वाकून दोन टोकं धरली. दोन मी धरली. आम्ही एकदमच उभे झालो. फडक्याला मध्ये झोळ आला, वड्या मधोमध गोळा झाल्या, एकही खाली पडली नाही.

"आता कुठं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या मागं या," मी म्हटलं, आणि पाठमोरी दाराकडे निघाले.